एक खाडा शिल्लक

पुणे,
शनिवार, 13 डिसेंबर 2025, रात्री

प्रिय दिल्या,

स. न. वि. वि. लिहिलं तर पत्र कुणाचं आहे हे बघायला तू आधी शेवटचं पान उलटशील, म्हणून ते राहू दे. तुझ्या दिवाळीच्या मेसेजवर मी नुसता अंगठा पाठवला, चिमीच्या निकालावर तर तोही नाही. दे शिव्या. फोनच करणार होतो, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि हे मला पुरं सांगायचंय. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा होता तिथेच.

परवा मला तुझी कावीळ आठवली.

यंदा माझ्याकडे दहावी क आहे. 62 पोरं. आपल्या वेळी गैरहजेरी म्हणजे घाऱ्या सरांनी चष्म्यावरून वर बघायचं आणि लाल पेनाचं टोपण काढायचं, संपलं. आता मी सव्वासातला मोबाइलवर टिका करतो आणि साडेसातच्या आत घरी मेसेज: 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.' पाल्य! हा शब्द शाळेच्या फाटकाबाहेर कधी कुणाच्या तोंडून ऐकलायस? शिवाय हजेरीचा कॅटलॉग आहेच, तो हातानेच भरायचा. शिवाय पालकांचा ग्रुप. आधी तो सगळ्यांना खुला होता, तर सराव परीक्षेच्या वेळापत्रकाखाली रोज सुप्रभातची फुलं पडायची. एका आजोबांनी गुडघेदुखीवरचा लेप टाकला (तो मी ठेवलाय जपून), एका बाईंनी आपल्या फ्लॅटची जाहिरात टाकली, मग मोठ्या बाईंनी ग्रुपला कुलूप घातलं. आता फक्त आम्ही टाकायचं. पालकसभा अमुक वाजता, अपार आयडीचं (विद्यार्थ्यांच्या त्या नव्या ओळख क्रमांकाचं) संमतिपत्र आणा, फी राहिली आहे. खाली 62 अंगठे. त्यातले निम्मे वाचतही नसणार, माझ्यासारखे.

तर रोल नंबर 27. उंच, गप्प, शेवटच्या बाकावर. श्रावणापासून त्याचे खाडे पडायला लागले. मेसेज गेला की वडिलांचं उत्तर पाच मिनिटांत हजर: 'आदरणीय सर, माझ्या मुलास ताप आल्याने तो आज शाळेत उपस्थित राहू शकत नाही. तरी कृपया रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.' मी आपला खूश. बाकीचे बाप 'बर नाय त्याला' एवढं पाठवतात किंवा रिक्षा चालवता चालवता बोलून पाठवतात, त्यात निम्मा हॉर्न. इथे एक बाप शुद्धलेखन सांभाळून लिहितोय! चार महिने माझ्या डोक्यात आलं नाही की हा मजकूर कुठेतरी पाहिलाय. अरे, फळ्यावर पाहिलाय. मीच लिहून दिलेला, उपयोजित लेखन, विनंतीपत्राचा नमुना.

गुरुवारी पुन्हा खाडा. कमी हजेरीचं हमीपत्र सही करून हवं होतं म्हणून मधल्या सुट्टीत मी फोनच लावला. पलीकडून एकदम घोगरा आवाज: "नमस्कार सर, मी त्याचा वडील बोलतोय."

दिल्या, मी 22 वर्षं मराठी शिकवतोय. माणूस रांगडा असेल तर 'मी त्याचा बाप' म्हणेल, सभ्य असेल तर 'त्याचे वडील' म्हणेल. 'त्याचा वडील' हा प्राणी महाराष्ट्रात नाही. मी काही म्हणायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "शेवंती दीडशे, शेवंती दीडशे!" आणि अगदी फोनच्या शेजारून तो पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलला, "तीस रुपये प्राप्त झाले." मग जरा वेळ कुणीच काही बोलेना. मग त्याच्या खऱ्या आवाजात, "सर…"

शाळा सुटल्यावर गाडी काढली ती थेट मंडईत. अष्टकोनी इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, एक पाट, एक बादली, ओलं गोणपाट, त्यावर झेंडू आणि शेवंती. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे बायकांची ही गर्दी. तो हार ओवत होता. माझ्याकडे बघितलं, पण हात थांबला नाही, गिऱ्हाईक उभं होतं ना. बोटांची टोकं हिरवट काळी झालेली, नखांच्या कडेला पिवळं. ऑक्टोबरात मी त्याच पोराला वर्गात उभं करून हात पुढे करायला लावले होते आणि सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "उद्या साबण लावून ये." तो काही बोलला नव्हता. तुझ्या बोटांना शाई असायची तेव्हा बाई तुला काय म्हणायच्या, ते मी इथे लिहीत नाही.

बाप रंगकाम करायचा. आषाढात परांचीवरून पडला, खुबा मोडला, अजून आडवाच आहे. आई चार घरचा स्वयंपाक करते. हा चारला उठून गुलटेकडीच्या फूलबाजारात, तिथून मंडईत, सकाळचं गिऱ्हाईक उरकून साडेअकराला घरी. फोन बापाचाच, शाळेत नोंदवलेला नंबरही तोच, फक्त पैशांचा डबा त्याला जोडलेला म्हणून तो असतो पोराकडे. म्हणजे चार महिने माझा 'आपला पाल्य' त्यालाच मिळत होता, झेंडू मोजताना. आईला सगळं माहीत आहे. बापाला सांगितलंय की दहावीची शाळा दुपारची असते आणि सकाळी क्लास.

रात्री कॅटलॉग घरी आणून बसलो. मंजू म्हणाली, पंचांग बघितल्यासारखं काय बघताय? तेच तर होतं. श्रावणातले सोमवार, शुक्रवार. गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस. घटस्थापना, खंडेनवमीच्या आधीचे दोन. लक्ष्मीपूजनाला शाळाच नव्हती म्हणून सुटला. आणि आता मार्गशीर्षातले गुरुवार, लाल, लाल, लाल. मधे बापाला दवाखान्यात न्यायचे म्हणून काही. तुझा त्या वर्षीचा कॅटलॉग आज हाती आला, तर पैजेवर सांगतो, लाल खुणा लग्नाच्या मुहूर्तांच्या आदल्या आठवड्यात निघतील.

1991 चा डिसेंबर. तुझे अण्णा छातीच्या दुखण्याने घरी, मालकाकडून उचल घेतलेली, आणि तू शनिवार पेठेतल्या त्या खोलीत ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापतोयस. अक्षरांचे खिळे जुळवायला तुला देत नव्हते कारण तू 'शुभविवाह'मधला 'भ' उलटा लावला होतास. (नाकबूल करू नकोस, ती पत्रिका माझ्याकडे होती.) आणि चिठ्ठ्या कोण लिहायचं? मीच. अण्णांची सही मला अजून येते. आधी ताप लिहिला, मग अजीर्ण, मग सुचेना म्हणून कावीळ. फेब्रुवारीत पुन्हा कावीळ. घाऱ्या सर म्हणाले, "नंदकुमार, कावीळ याला दोनदा होते आणि दोन्ही वेळा अक्षर तुझं कसं येतं?" आणि मी सगळं सांगून टाकलं. तू म्हणतोस, छडी उचलायच्याही आधी. मी म्हणतो, एक तरी खाल्ली होती. चौतीस वर्षं झाली, मी अजून तेच म्हणतो.

सर त्याच संध्याकाळी तुमच्या घरी गेले. अण्णांनी तुला मारलं नाही. आठ दिवस पानावर बसल्यावर तुझ्याकडे बघितलं नाही, बस. हे तू मला दहा वर्षांनी सांगितलंस, तेही स्वारगेटला एसटीत चढता चढता. मग रात्रशाळा, मग एक वर्ष उशिरा दहावी. आणि सांगलीला प्रेस उघडलीस तेव्हा पन्नास माणसांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "हा नंदू. याच्यामुळे मी मशीनवर आलो." सगळे हसले, मीही हसलो. ते वाक्य कसं घ्यायचं हे मी तुला कधी विचारलं नाही.

आता विचारतोय.

कारण हिशेब असा आहे. मंडळाला 75 टक्के हजेरी लागते. आजवर शाळा भरली 128 दिवस, हा हजर 89. माझ्या मोजणीने अजून 32 दिवस भरेल. म्हणजे 160 पैकी 120 हवेत, 32 पैकी 31 दिवस यायला हवं. मोठ्या बाई वाईट नाहीत, पण त्यांना यादी पूर्ण करायची आहे. कमी हजेरीवाल्यांच्या घरी सोमवारी पत्र जाणार, पोस्टाने, बापाच्या नावावर. पत्र गेलं की दुपारच्या शाळेचं बिंग फुटलं. नाही गेलं तर उद्या काही झाल्यावर विचारतील, पालकांना का कळवलं नाही? शिक्षकांच्या खोलीत एक जण सहज म्हणाला, पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगा की. सहज! शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, हा पंधरा पुरा.

आणि आमच्याच सोसायटीतला तो बारावीचा मुलगा, क्लासचं कॉलेजशी साटंलोटं, कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. 2018 मध्ये सरकारने पुण्या-मुंबईकडे विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याच प्रकारासाठी. तरी हा घरीच. त्याचा बाप गैरहजेरीचे पैसे भरतो. माझा 27 गैरहजर राहून पैसे आणतो, आणि यादीत नाव त्याचं.

शुक्रवारी तो आला. हात बाकाखाली. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाला, "सर, मी मोजलंय. एकच खाडा शिल्लक आहे ना? तो मी 18 तारखेला घेणार. शेवटचा गुरुवार आहे, उद्यापनाचा. आधीच खरं सांगून ठेवतो. बाकी रोज येतो. आई दोन घरं सोडणार आहे." मग जरा थांबून, "बाबांना मात्र कळवू नका."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. 'बघू' म्हटलं. घाऱ्या सरही 'बघू'च म्हणाले होते, आठवतंय?

बापाच्या नावाचं पाकीट माझ्या बॅगेत आहे. पत्ता मीच घातलाय, वळणदार अक्षरात. दोन विचार येतात. एक, पत्र न टाकता आपणच उद्या संध्याकाळी त्या बापासमोर जाऊन बसावं. पण सर घरी आले की काय होतं, ते तुझ्या घरात मी केलेलं आहे. दुसरा विचार सांगायची लाज वाटते. कॅटलॉगमध्ये लाल खुणेवर निळी रेघ मारता येते. चार दिवस इकडचे तिकडे केले तर पोराला श्वास घ्यायला जागा होईल. काल पेन उघडून बसलो होतो. सह्या करायची सवय जुनीच.

तर तूच सांग. अण्णांना कळलं ते बरं झालं की वाईट? 'जाऊ दे रे, जुनं आहे' म्हणू नकोस.

प्रेसचं कसं चाललंय? लोक आता पत्रिका मोबाइलवरच धाडतात, तुला जाणवत असेल. वहिनींच्या पाठीचं काय झालं? चिमीला मात्र माझ्याकडून पेढे, पुढच्या खेपेला, नक्की.

पोस्टाने पाठवलं तर हे तुला बुधवार-गुरुवारी मिळेल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच. उद्या दुपारच्या आत फोन कर, चारला मी त्यांच्याकडे जायचं की नाही ते ठरवायचंय. छडीचं नंतर बघू.

तुझा,
नंदू