कासचे फोटो: घाई नको

मंडळी, नमस्कार.

परवा कास पठारावरून परतताना बसमध्येच निम्म्या जणांनी फोटो एडिट करून ग्रुपवर टाकले. तेरडा कमी आणि रंगपंचमीच जास्त दिसतेय! (माझाही एक त्यातलाच होता. सकाळी बघितला आणि गुपचूप डिलीट केला.)

म्हणून प्रदर्शनासाठीचे फोटो आता तुमच्याकडून पुढच्या रविवारनंतरच स्वीकारू. तोवर रॉ फाइल्सची (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स) कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि एडिटिंग जेपेगवर नको, रॉवरच करा. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६. तेरड्याच्या गुलाबीत लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन सपाट होतो, आणि पाकळीवरच्या शिरा जातात. तेव्हा सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) सरसकट वाढवू नका; आधी व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल), मग हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख), रंग शेवटी. त्या दिवशी धुकं होतं, ते फोटोतही राहू द्या. डीहेझचा (धुकं पुसणारा) स्लायडर शंभरवर नेऊन पठारावर ऊन पाडायची काहीच गरज नाही.

एकदा केलेलं एडिट दोन दिवस उघडू नका. मग दिवसाउजेडी, फोनचा नाइट मोड (स्क्रीन पिवळसर करणारा) बंद करून बघा.

प्रत्येकी तीनच फोटो. चौथा आला तर निवड आम्ही करू, मग कुरकुर चालणार नाही.