माननीय शिक्षणमंत्री, तांगसाचे सूर लिहून ठेवा

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

साहेब, अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात आणि आसाममधल्या तिनसुकियाकडच्या काही गावांत तांगसा लोक राहतात, सीमेपलीकडे म्यानमारमध्ये पण आहेत. त्यांच्या भाषेबद्दल लिहितोय. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था तुमच्याच खात्यात येते म्हणून तुम्हाला.

आपण मराठीत "हो" किती प्रकारे म्हणतो, रागाने, कंटाळून, प्रश्न विचारल्यासारखं, पण शब्द तोच राहतो. तांगसात सूर बदलला की शब्दच बदलतो. पंजाबीत याची थोडी झलक मिळते, तिथे आपला घोडा "कोडा"च्या जवळ ऐकू येतो पण सूर खाली असतो; तेच सपाट सुरात म्हटलं तर चाबूक आणि उंच म्हटलं तर कुष्ठरोगी. तांगसाच्या बऱ्याच बोलींत शब्दाच्या शेवटी स्वर किंवा न-म सारखा अनुनासिक आला तर तीन सूर असतात, आणि शेवटी प, त, क आला तर त्याची वेगळीच चौथी जात. त्यात एका गटात जो सूर जसा ऐकू येतो तसाच तो शेजारच्या गटात येईल असं नाही.

आता कोणी गावात जाऊन शब्दांची यादी करून आणली, नुसत्या रोमनमध्ये किंवा आपल्या देवनागरीत, तर वेगवेगळे शब्द कागदावर सारखेच दिसणार आणि उद्या आजी गेल्यावर नातवाला ती यादी मोठ्याने वाचताच येणार नाही. अशा कामाला मी जतन म्हणू शकत नाही, माफ करा.

तांगसा समाजातल्याच लाखुम मोसांग यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी 1990 मध्ये तांगसासाठी लिपी तयार केली, 31 व्यंजनं आणि तब्बल 48 स्वर, कारण सुराप्रमाणे स्वराचं अक्षरच बदलतं. 2020 मध्ये ते गेले आणि 2021 मध्ये लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाईलवर अक्षरं लिहिण्याच्या जागतिक मानकात आली. एका वर्षाने चुकलं हो, मला फार लागलं ते वाचून.

तुमची 2013 ची लुप्तप्राय भाषांची योजना दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांसाठी आहे. पण जनगणनेत तांगसा हे एकच नाव, त्याचा आकडा दहा हजारांच्या वर, आणि आत कितीतरी बोली, काही तर एकमेकींना कळत पण नाहीत. म्हणून अट लावताना एकेका बोलीचा आकडा बघा, प्लीज. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून शिक्षण म्हटलंय ना, मग तांगसा पोरांच्या पहिल्या पुस्तकात सूर दिसले पाहिजेत, शाळेबाहेर ती बऱ्याचदा हिंदी बोलतात आणि हिंदीत सूर शिकायला मिळत नाहीत.

दरवर्षी 5 जानेवारीला त्यांचा विहू कुह सण असतो. येत्या सणाला तुमची माणसं चांगले माइक घेऊन तिथे पाठवा. फक्त गाणी रेकॉर्ड करून परत येऊ नका, चालीत शब्दाचा सूर बदलू शकतो, गाणं संपलं की त्याच म्हाताऱ्या माणसांना तेच शब्द सावकाश बोलायला सांगा आणि सुरासकट लिहून घ्या.

आपला,
एक मराठी भाषक