जुन्या गाडीचा भाव पत्र्यावर ठरवा

मा. संपादक,
जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार घेऊन फायद्यात विकायची, तर चकाकत्या रंगाला भुलू नये. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो, वर पुट्टी थापलेली असते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा; पकड ढिली पडली की समजा पुट्टी. मॅट उचलून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचा. इंजिन बांधून मिळतं, सडलेला तळ मात्र सगळा नफा गिळतो. चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल तर भाव विचारूच नये. ‘व्हिंटेज’ म्हणून कुणी किंमत चढवली, तर पहिल्या नोंदणीचं साल बघा: 2021 च्या केंद्रीय नियमांत 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातलीच गाडी बसते. शिवाय तशी नोंदणी केली की ती रोज फिरवता येत नाही!
– एक वाचक, मडगाव