‘स्रोत : इंटरनेट’ एवढ्यावर परक्या देशाचा कायदा छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला परदेशी कायद्यांवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. आज सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले आहे. डोकं तापलेलं आहे, एखादा शब्द कडक गेला तर समजून घ्या.

लेखात जाड ठशात एक वाक्य आहे : ‘अमेरिकेत घटस्फोट झाला की पत्नीला पतीची अर्धी मालमत्ता मिळते.’ आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘स्रोत : इंटरनेट’. हे वाक्य मला नवं नाही. सहा वर्षांपूर्वी कोर्टनाक्याजवळच्या एका वकिलांच्या टेबलावर त्याच मजकुराचा प्रिंट काढलेला कागद मी पाहिला होता. त्या कागदापायी माझ्या भाचीचं जे नुकसान झालं ते आजही भरून निघालेलं नाही.

भाचीचं लग्न ठाण्यातच झालं, हिंदू पद्धतीने. जावई अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एडिसनला. तीन वर्षांत ती परत आली आणि पाठोपाठ तिथल्या कोर्टाचे कागद आले. बहीण घाबरून गेली. आम्ही दोघी त्या वकिलांकडे गेलो. त्यांनी आठवड्याने बोलावलं, तो कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “बाई, काळजी करू नका. तिकडे बायकोला सरळ अर्धं मिळतं. घटस्फोटाला हरकत नाही म्हणून लिहून द्या आणि अर्धा वाटा मागा.” बिलात ‘परदेशी कायद्याचा अभ्यास’ म्हणून पंधरा हजार रुपये वेगळे लावले होते. बहिणीने मुदत ठेव मोडली, न्यू जर्सीतला वकील केला, त्याची फी डॉलरमध्ये भरली. हरकत नाही असं लिहूनही दिलं.

निकाल आला तेव्हा भाचीच्या हातात जवळजवळ काही पडलं नाही. का, ते कुणी समजावून सांगेना. शेवटी मी पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसले. अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, भाषेची भीती नव्हती. पहिल्याच रात्री कळलं की तो कागद कॅलिफोर्नियाचा होता. वर राज्याचं नावही छापलेलं होतं. आमच्यापैकी कुणी ते वाचलं नाही, आणि ज्यांनी वाचायचे पैसे घेतले त्यांनीही वाचलं नाही.

संपादक महाशय, घटस्फोटाच्या बाबतीत ‘अमेरिकेचा कायदा’ अशी वस्तूच नाही. लग्न, घटस्फोट, वारसा हे तिथे प्रत्येक राज्याचे विषय आहेत, आणि राज्यं पन्नास आहेत. पतिपत्नीची सामायिक मालमत्ता मानणारी राज्यं त्यांतली फक्त नऊ. कॅलिफोर्निया त्यांत येतं, न्यू जर्सी येत नाही. बरं, कॅलिफोर्नियातही अर्धा वाटा लग्नानंतरच्या कमाईत असतो, नवऱ्याच्या सगळ्या मालमत्तेत नाही. टेक्सासही त्या नवांतलंच, पण तिथलं कोर्ट न्याय्य आणि योग्य वाटेल तशी वाटणी करतं. ती निम्मी निम्मीच होईल असं नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात शब्द आहे ‘इक्विटेबल’. मी वर्गात मुलींना शिकवायचे की इक्वल म्हणजे समान आणि इक्विटेबल म्हणजे न्याय्य, दोन्ही एक समजू नका. तिथला न्यायाधीश लग्न किती वर्षं टिकलं, दोघांचं वय आणि तब्येत कशी, कमाई किती, संसारात कुणी काय भर घातली हे सगळं बघून ठरवतो. आमच्या जावयाने घर लग्नाआधी घेतलेलं होतं, ते वाटणीतच आलं नाही. संसार तीन वर्षांचा. मागायला उरलं काय?

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं आणि ते मला चौथ्या रात्री कळलं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी कोर्टाचा निकाल भारतात केव्हा मानायचा नाही ते सांगतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला झालेलं, नवऱ्याने घटस्फोट आणला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्याने घटस्फोटाचं कारण आणि कोर्टाचा अधिकार बघायचा, असं ठरवलं. आणि जे थोडे अपवाद ठेवले, त्यांतला एक म्हणजे समोरच्या बाजूची संमती. भाची ठाण्यात राहून गप्प बसली असती, तर तो निकाल इथे मान्य नाही असं म्हणायला तिला भक्कम जागा होती. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द लिहून आम्ही ती जागा आमच्या हातांनी सोडली. कशासाठी? न्यू जर्सीत नसलेल्या अर्ध्या वाट्यासाठी.

आता तेच वाक्य आपण छापलंत. ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. आपल्या वर्तमानपत्रात आलं म्हणजे खरं, असं मानणारी माझ्या बहिणीसारखी माणसं अजून आहेत. ती कात्रण कापून ठेवतात. उद्या कुणी तेच कात्रण घेऊन वकिलांच्या दारात उभं राहील.

परक्या देशाचा कायदा शोधणं आज अवघड राहिलेलं नाही, म्हणून मला जास्त राग येतो. न्यू जर्सीच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कायदा फुकट वाचता येतो. कॉर्नेल विद्यापीठाने १९९२ पासून अमेरिकेतले कायदे लोकांना खुले केले आहेत. ऑस्ट्रेलियाचे कायदे आणि निकाल ऑस्टली या संकेतस्थळावर १९९५ पासून आहेत. इंग्लंडचे सरकारी संकेतस्थळावर, फ्रान्सचे लेजिफ्रान्स या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर, जर्मनीचे तिथल्या न्यायमंत्रालयाने स्वतः ठेवलेले आहेत. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचा कायदा विभाग १८३२ पासून आहे आणि देशोदेशीचा कायदा कुठे सापडेल त्याच्या याद्या त्याने करून ठेवल्या आहेत. शोधणाऱ्याने तीन गोष्टी बघायच्या : कायदा नेमका कुणाच्या हद्दीतला, कोणत्या तारखेचा, आणि मूळ कोणत्या भाषेतला.

हद्दीचं आमच्या घरी झालं ते सांगितलंच. तुमच्या लेखातही पुढच्याच परिच्छेदात ‘ब्रिटनमध्ये आता दोष न दाखवता घटस्फोट मिळतो’ असं आहे. तो कायदा २०२० चा, लागू झाला ६ एप्रिल २०२२ ला, आणि तो इंग्लंड व वेल्सपुरता आहे. स्कॉटलंडची कायदेपद्धतच वेगळी आहे. तारखेचं म्हणाल, तर दुबईतल्या वारसाहक्काबद्दल लेखात जे लिहिलंय ते जुनं झालेलं आहे. अमिरातीत मुस्लिमेतरांसाठी २०२२ चा ४१ क्रमांकाचा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार निम्मी संपत्ती जोडीदाराला आणि निम्मी मुलांना सारखी. अबू धाबीचा तर स्वतःचा वेगळा कायदा त्याच्याही आधीचा, २०२१ चा. ऐरोली, कोपरखैरण्यातून दुबईला नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांना हे माहीत असायला हवं. आणि भाषा : अमिरातीचा मूळ मजकूर अरबी, जर्मनीचा जर्मन. इंग्रजी भाषांतर वाचून अंदाज येतो, पण कोर्टात बंधनकारक मूळच.

आपली न्यायालयं याबाबत किती काटेकोर आहेत बघा. परदेशी कायदा आपल्या न्यायाधीशाला माहीत आहे असं धरलंच जात नाही. तो एखाद्या घटनेसारखा पुराव्याने सिद्ध करावा लागतो. त्यासाठी तज्ज्ञाचं मत चालतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ४५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ३९ मध्ये आहे. कायद्याचं पुस्तक दाखवायचं तर ते त्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेलं लागतं, आता डिजिटल असलं तरी चालतं. न्यायाधीश जिथे पुरावा मागतो तिथे वर्तमानपत्राने निदान कायद्याचं नाव, वर्ष आणि राज्य एवढं तरी छापावं. एका ओळीत मावतं ते.

लेखाच्या बाजूच्या चौकटीत सिंगापूरमध्ये च्युइंगगम चघळलं तर तुरुंग, असंही दिलंय. तिथे १९९२ पासून बंदी आहे ती आणण्यावर आणि विकण्यावर; चघळणं हा गुन्हा नाही, आणि २००४ पासून औषधी गम औषधविक्रेत्याकडून मिळतं. माझा नातू हे शाळेत सांगणार होता. त्याला थांबवलं.

आणखी एक बोलून घेते, पुन्हा पत्र लिहिणं होणार नाही. मागे याच विषयावर मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, त्याबद्दल आभार. पण त्यात ‘कलम १३’ चं ‘कलम ३१’ झालं होतं आणि १९९१ चा निकाल जागेअभावी कापला होता. त्या पत्रात उपयोगाचं तेवढंच होतं. मी फोन केला तेव्हा पलीकडून सांगितलं की वाचकांना आकडे आवडत नाहीत. मी वाचकच आहे. मला तो आकडा सहा वर्षांपूर्वी हवा होता.

कालच्या लेखाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जाड ठशात यावी अशी विनंती आहे. चौथ्या पानाच्या कोपऱ्यात दिलगिरी नको. माझी बहीण तो कोपरा वाचत नाही. आणि हे पत्र घेणार असाल तर कितीही कापा, पण कलम १३ आहे, ३१ नव्हे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)