फोनचे कुलूप कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रूट केलेल्या (म्हणजे कंपनीचे निर्बंध काढून प्रणालीचा पूर्ण ताबा मालकाने घेतलेल्या) फोनवर आमची सेवा मिळणार नाही, असा इशारा अनेक बँकांची ॲप उघडतानाच देतात. त्यामुळे कंपनीने फोनवर घातलेले निर्बंध काढणारा माणूस एक तर भामटा असतो, नाही तर उचापतखोर, असा समज रूढ होत चालला आहे. त्याविषयी थोडे लिहितो.

२०११ च्या सुमारास मी घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडले की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. त्या फोनमध्ये देवनागरी फाँटच नव्हता आणि तो बसवायचा तर सिस्टिमच्या ज्या फोल्डरमध्ये शिरावे लागे, तिथे खुद्द मालकाला मज्जाव होता. भाच्याने एका संध्याकाळी फोन रूट केला, फाँटची फाइल बदलली, आणि वेलांट्या जरा भलत्या जागी पडत असल्या तरी मराठी वाचता येऊ लागली. (ऑपेरा मिनीत देवनागरी चित्ररूपाने दाखवण्याची सोय होती, पण ती त्या ब्राउझरपुरतीच.) पुढे अँड्रॉइडमध्येच देवनागरी आली आणि ते कारण उरले नाही.

निर्बंध काढण्याचे आजचे मुख्य कारण अपडेटचे आहे. बॅटरी बदलली तर आणखी चार वर्षे सहज चालेल अशा स्वस्त फोनचे अपडेट बऱ्याच कंपन्या दोन-तीन वर्षांत थांबवतात. सायनोजेनमॉड या २०१६ मध्ये बंद पडलेल्या, अँड्रॉइडवर बेतलेल्या मुक्त प्रणालीची परंपरा चालवणारी लिनिएजओएससारखी प्रणाली अशा कित्येक फोनना नवी अँड्रॉइड आवृत्ती देते. परंतु ती बसवण्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा आणि परकी प्रणाली अडवणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडावा लागतो, आणि तो काही कंपन्या अर्ज करून, कित्येक दिवस ताटकळत ठेवून उघडू देतात, तर काही मुळीच देत नाहीत. नको असलेली ॲप काढता न येणे हेही एक कारण आहेच. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड करताना, आधीपासून घातलेली गूगलची ॲप काढण्यास ग्राहकाला अटकाव करू नये, असेही बजावले होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा निर्देश रद्द केला.

कंपन्यांचे सुरक्षिततेचे म्हणणे खोटे नाही. रूटचा अधिकार एखाद्या लबाड ॲपच्या हाती गेला तर ओटीपीपासून छायाचित्रांपर्यंत काहीच सुरक्षित राहत नाही, आणि चुकीची फाइल चढवली तर फोनचा दगड होतो. म्हणून सरसकट सगळ्यांनी हे करावे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या दिवशी कंपनी शेवटचे अपडेट देऊन हात झटकते, त्या दिवसापासून मागेल त्या मालकाला बूटलोडर उघडून देणे तिच्यावर बंधनकारक असावे. हवे तर जोखमीची संमती लेखी घ्यावी. वॉरंटी तर तोवर संपलेलीच असते.

बँकांनीही आपला निकष तपासून पाहावा. चार वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेल्या, पण कंपनीचे कुलूप शाबूत असलेल्या माझ्या जुन्या फोनवर बँकेचे ॲप बिनतक्रार चालते. भाच्याच्या, कुलूप उघडलेल्या पण गेल्याच महिन्याचे अपडेट असलेल्या फोनवर ते उघडतही नाही.

– एक वाचक, सातारा