'कूलिंग ऑफ' म्हणजे शीतकरण नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची एक बातमी होती. मथळा होता, 'शीतकरण कालावधी माफ', म्हणजे इंग्रजी 'कूलिंग ऑफ पीरियड'चे शब्दशः भाषांतर. शीतकरण दुधाचे होते, मासळीचे होते. नवरा-बायकोचे कसे करायचे? माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून झाली, त्यामुळे असे काही वाचले की गप्प बसवत नाही.

हिंदू विवाह कायद्यात १३-ब हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले. दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग किमान सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन सांगायचे की आमचे ठरले ते ठरले. या कलमात 'कूलिंग ऑफ' हे शब्द कुठेच नाहीत. ते वकिलांच्या तोंडचे, तिथून निकालपत्रांत गेलेले आणि तिथून आपल्या बातमीदारापर्यंत आलेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले की ही सहा महिन्यांची अट प्रत्येक प्रकरणात पाळलीच पाहिजे असे नाही. जोडपे पुरेसा काळ वेगळे राहिलेले असेल, समेटाचे प्रयत्न थकले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर तडजोड झाली असेल, तर न्यायाधीश ती शिथिल करू शकतात. म्हणजे मूळ हेतू काय, तर दोघांनी पुन्हा एकदा विचार करावा. मग सरळ 'फेरविचाराची मुदत' म्हणावे की!

एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात एक ज्युनिअर वकील एका मुलीच्या वडिलांना समजावत होता, "काका, आपण कूलिंग ऑफ माफ करून घेऊ." काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि विचारले, "माफ नको, किती होत्यात ते सांगा. भरून टाकतो." वकील हसला, पण त्यात काकांचे काय चुकले? कोर्टात माफ होते ती फी किंवा दंड, आणि 'कूलिंग ऑफ' हा त्यांना तसलाच काहीतरी आकार वाटला.

हाच शब्द क्रीडा पानावर गेला की अर्थ बदलतो. क्रिकेट नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना लागू आहे तो तीन वर्षांचा 'कूलिंग ऑफ'. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली की राज्य संघटनेत सलग दोन आणि मंडळात सलग दोन कार्यकाळ, अशी बारा वर्षे खुर्चीवर बसता येईल. तीन वर्षांची सुट्टी त्यानंतर. इथे कोणाचा राग शांत व्हायचा नसतो. एकाच माणसाने खुर्ची धरून ठेवू नये एवढाच मतलब. (राग आलाच तर खुर्ची गेल्यावर येत असेल.) याला 'सक्तीचा खंड' म्हटले तर कोणालाही कळेल. सनदी अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभर सरकारी परवानगीशिवाय खासगी कंपनीत जाता येत नाही, त्यालाही इंग्रजीत हेच नाव. तिथे हेतू तिसराच, हितसंबंध तुटावेत हा.

माझ्या कामात 'कूल'ने खरा घाम काढला तो मात्र फौजदारी प्रकरणांत. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे ताबा सुटून हातून माणूस मेला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद कायम आहे. पण मधे किती वेळ गेला, राग 'कूल' व्हायला सवड होती का, यावर सगळे अवलंबून. मुंबईतला नानावटी खटला याच मुद्द्यावर फिरला. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदलातल्या कमांडर नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, प्रेम आहुजाला आधी त्याच्या ऑफिसात शोधले, मग त्याचे घर गाठले. तिथे आहुजा गोळ्या लागून मेला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले; उच्च न्यायालयाने ते मानले नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला: दीडला घर सोडले, चार वीसला गोळ्या सुटल्या, ताबा परत यायला एवढा वेळ पुरेसा होता. जन्मठेप कायम.

हा उतारा मराठीत नेताना 'राग थंड झाल्यावर' लिहिणारे मी पाहिले आहेत. चूक नाही, पण दोन ओळी पुढे 'आरोपी थंड झाल्यावर' असे आले की घोटाळा. मराठीत माणूस थंड झाला म्हणजे आटोपला! आपल्याकडे राग निवळतो, ओसरतो, उतरतो. आणि बातम्यांत सर्रास दिसणारा 'थंड रक्ताने केलेला खून' कृपया बंद करा. आपले लोक खूनही थंड डोक्याने करतात.

तरुणांच्या 'कूल'वर आपल्याच पत्रसदरात अधूनमधून ओरड असते, तिच्यात मी नाही. धोनीला 'कॅप्टन कूल' म्हणतात त्याला 'शांतचित्त कर्णधार' करून काय मिळणार? मुळात इंग्रजांनीच या शब्दाला मोकाट सोडले आहे. हेन्री फील्डिंगच्या १७४९ च्या कादंबरीत एक जण पत्त्यांच्या टेबलावरून चिडून उठतो आणि 'कूल हंड्रेड' हरलो म्हणतो, म्हणजे चांगले शंभर. त्यात गारव्याचा पत्ता नाही. मुलांनी तो शब्द तसाच घेतला, बिघडले काहीच नाही. कोर्टाची बातमी वेगळी. ती वाचून कोणीतरी आपल्या प्रकरणात काय करायचे ते ठरवत असते.

मथळ्याला जागा कमी असते हे मान्य. पण 'सहा महिन्यांची अट शिथिल' हे शब्दही त्याच कॉलममध्ये बसतात, मी पट्टी लावून पाहिले आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सांगली