खटल्याची तयारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचं वर्णन तू 20 नोव्हेंबर 1945 पासून, कोर्ट भरल्यापासून केलं आहेस. तयारी त्याच्या दोन वर्षं आधीची आहे आणि खटला तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

दोस्तराष्ट्रांच्या 1943 च्या मॉस्को जाहीरनाम्याने आरोपींची वाटणी केली. ज्याने जिथे अत्याचार केला, त्याला त्या देशाच्या हवाली करायचं. एका ठिकाणाशी बांधता न येणाऱ्या बड्या आरोपींचं दोस्तराष्ट्रांनी मिळून ठरवायचं. त्याच वर्षी लंडनमध्ये युद्धगुन्हे आयोग नेमला गेला. भारतही त्याचा सदस्य होता. पण आयोगाकडे स्वतःचे तपास अधिकारी नव्हते. सरकारं पाठवतील त्यावरच याद्या बनत.

चर्चिल तर बड्यांना खटल्याविनाच गोळ्या घालायच्या मताचे होते. खटला नक्की झाला, तेव्हा 26 जून ते 8 ऑगस्ट 1945 या सहा आठवड्यांत लंडनला सनद, म्हणजे या कोर्टाची नियमावली, ठरली. तिची कलमं 6 ते 8 पाठ कर: गुन्ह्यांचे तीन प्रकार, पदाचा बचाव नाही, ‘वरून हुकूम होता’ यावर सुटका नाही, फार तर शिक्षा सौम्य.

आरोपपत्रात नावं 24. घाई कुठे नडली ते क्रुपवरून दिसतं. उद्योगपती गुस्ताव क्रुप 75 वर्षांचे, खटला समजण्याच्याही अवस्थेत नव्हते. हे आरोपपत्र दाखल झाल्यावर वैद्यकीय तपासणीत ठरलं. त्यांच्या जागी मुलाला घालायची अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता जॅक्सन यांची मागणी कोर्टाने फेटाळली, आणि तेच योग्य झालं.

आता कागद. तुझ्या मसुद्यात यावर जेमतेम दोन ओळी आहेत. जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा जर्मनांच्याच दप्तरांवर भर दिला, कारण स्वतःची सही आरोपीला नाकारता येत नाही. त्यासाठी प्रत्येक कागद कुठे, कोणाच्या हाती लागला, नोंद कोणी केली, ही साखळी हवी. ती प्रक्रिया सांगणारं मेजर कूगन यांचं शपथपत्र कोर्टात दाखल झालं. तरी भाषांतरात अडलंच. चार भाषांतल्या प्रती वेळेवर होईनात, म्हणून कागद मोठ्याने वाचला तरच तो पुरावा, असा कोर्टाने दंडक घातला. दुभाषे तो वाचता वाचताच चारही भाषांत सांगत. खटला त्यामुळे रटाळ झाला, पण आरोपीला प्रत्येक शब्द कळला. मला ही किंमत रास्त वाटते.

रशियातल्या कात्यिनच्या जंगलातलं हत्याकांड प्रकरण मात्र लाजिरवाणं आहे. 11,000 पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्येचा आरोप सोव्हिएत पक्षाने जर्मनांवर ठेवला. तो सिद्ध झाला नाही आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही नाही. हत्या आपल्याच गुप्त पोलिसांनी केल्याचं मॉस्कोने 1990 मध्ये मान्य केलं. फिर्यादीच गुन्हेगार असण्याची शक्यता योजनेत आधी धरायला हवी. न्यायाधीश फक्त जेत्यांचे असले की ती कोणी धरत नाही.

जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यातलं भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचं भिन्नमत यासाठी मुळातून वाच. युद्ध पुकारणं हा त्या वेळी व्यक्तीचा गुन्हा होता का, हा त्यांचा प्रश्न तुझ्या दुसऱ्या प्रकरणात यायलाच हवा.

तुझे बाबा